शिक्षा जास्त झाली म्हणून अपील: वरचं कोर्ट नेमकं काय तपासतं

अपील मेमोच्या, म्हणजे अपिलाच्या अर्जाच्या, शेवटी एक ग्राउंड (हरकतीचा मुद्दा) बहुतेक वेळा ठरलेलं असतं: ‘दिलेली शिक्षा अतिशय कठोर आहे.’ त्यापुढे काही नाही. कशाच्या मानाने कठोर, खालच्या कोर्टाने काय विचारात घ्यायला हवं होतं, ते घेतलं नाही हे निकालाच्या कोणत्या परिच्छेदात दिसतं, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. सुनावणीला मग ‘आरोपी गरीब आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया करावी’ एवढंच सांगायला उरतं. अशा अपिलात शिक्षा कधीच कमी होत नाही असं नाही. पण झाली तर ती नशिबाने होते, आणि माणसाच्या आयुष्यातली वर्षं नशिबावर सोडू नयेत.

आधी मूळ गोष्ट. कायदा बहुतेक गुन्ह्यांना कमाल शिक्षा सांगतो, काहींना किमानही. त्या पट्ट्यात नेमकी किती द्यायची हा खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाचा विवेकाधिकार. अपिलातलं कोर्ट ‘आम्ही असतो तर किती दिली असती’ असं विचारत नाही. हा अधिकार कायद्याच्या चौकटीत, कारणं देऊन, समोरच्या परिस्थितीकडे बघून वापरला गेला का, एवढं ते बघतं. वापरला गेला असेल तर चार वर्षांची तीन करायला सहसा कोणी हात घालत नाही. म्हणून अपीलकर्त्याचं काम एकच: खालच्या कोर्टाची चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवणं.

‘तशाच दुसऱ्या केसमध्ये दोनच वर्षं दिली होती’ हा युक्तिवाद फारसा चालत नाही. शिक्षेचं प्रमाण ठरवून देणारी मार्गदर्शक तत्त्वं आपल्याकडे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रेम सागर प्रकरणात आणि २०१३ मध्ये सोमन विरुद्ध केरळ राज्य या निकालात ही उणीव बोलून दाखवली. तक्ताच नसल्यामुळे प्रत्येक केस स्वतःच्या तथ्यांवर उभी राहते. माझ्या मते हा आपल्या फौजदारी न्यायातला मोठा दोष आहे, कारण एकाच गुन्ह्याला दोन शेजारच्या कोर्टांत वेगवेगळी शिक्षा होऊ शकते आणि दोन्ही वरच्या कोर्टात टिकू शकतात. पण अपील आज करायचं असेल तर ते आजच्या नियमांवरच करावं लागतं.

अपील कुठे करायचं ते ठरलेलं आहे. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर सत्र न्यायालयात, सत्र न्यायाधीशाने दिली तर उच्च न्यायालयात. कोणत्याही कोर्टाने सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा दिली असेल तर थेट उच्च न्यायालयात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं हे कलम ३७४. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ४१५ आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिलं ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात. घरच्यांचा प्रवास आणि मुक्काम यामुळे किती वाचला, ते ज्यांनी तारखांसाठी रात्रीची गाडी पकडली आहे त्यांनाच कळेल.

मुदत सत्र न्यायालयासाठी ३० दिवस, उच्च न्यायालयासाठी ६० दिवस. फाशीच्या शिक्षेविरुद्ध मात्र ३०. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात आणि उशीर झालाच तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची एक प्रत लगेच आणि मोफत मिळाली पाहिजे (जुनं कलम ३६३, नवं ४०४). हा हक्क किती मोलाचा आहे हे होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या निकालातून कळतं. तिथे सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड एवढीच शिक्षा दिली होती. राज्याच्या अपिलावर मुंबई उच्च न्यायालयाने ती तीन वर्षं सक्तमजुरी केली. निकालाची प्रत कारागृहाकडे पाठवली गेली, पण ती कैद्याच्या हाती पडली नाही. शिक्षा पूर्ण भोगून झाल्यावर तो सर्वोच्च न्यायालयात पोचला. शिक्षेत फरक पडला नाही, मात्र मोफत प्रत आणि मोफत वकील हा कैद्याचा हक्क त्या निकालाने पक्का केला. अपीलकर्ता आत असेल तर अपील कारागृह अधीक्षकांमार्फत पाठवता येतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती वकील देते. त्यासाठी कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात अर्ज द्यायचा.

आता एक तरतूद, जिच्याकडे वकिलांचंही लक्ष कमी जातं. अपिलात शिक्षा कठोर आहे एवढं एकच कारण घेतलं असेल, तर कोर्टाच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणत्याही मुद्द्यावर बोलता येत नाही (जुनं कलम ३८५, नवं ४२६). शिवाय असं अपील खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड न मागवताही निकाली काढता येतं. म्हणजे साक्षीपुरावे वरच्या कोर्टाने उघडून बघण्याची शक्यता तुम्हीच कमी करून घेता. दोषसिद्धीविरुद्ध थोडं जरी म्हणण्यासारखं असेल तर ती ग्राउंड्स मेमोत आधी घ्या, शिक्षेची नंतर. अंतिम सुनावणीत ‘आम्ही फक्त शिक्षेवर बोलतो’ असं विधान करायचं झालं तर ते आरोपीला नीट समजावून, शक्यतो त्याच्याकडून लेखी घेऊनच करावं. ते विधान निकालात नोंदवलं जातं आणि पुढच्या कोर्टात त्यावरून मागे फिरणं फार अवघड जातं.

गुन्हा कबूल करून शिक्षा झाली असेल तर चित्र वेगळं. मॅजिस्ट्रेट किंवा सत्र न्यायालयापुढे कबुली दिलेल्याला दोषसिद्धीविरुद्ध अपील नाही, पण शिक्षेचं प्रमाण आणि तिचा कायदेशीरपणा या दोन मुद्द्यांवर आहे. प्ली बार्गेनिंगमध्ये, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षेबाबत केलेल्या तडजोडीत, ठरलेल्या निकालाविरुद्ध मात्र अपीलच नाही. हे तडजोडीच्या टेबलावर बसण्याआधी सांगितलं गेलं पाहिजे आणि कित्येकदा सांगितलं जात नाही.

चूक शोधायची कुठे? माझ्या मते सुरुवात गणितापासून करावी, कारण कायदेशीर मर्यादा ओलांडली गेली असेल तर वाद घालावाच लागत नाही. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देऊ शकत नाही, मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपेक्षा जास्त देऊ शकत नाही. एकाच खटल्यात अनेक कलमांखाली दोषी ठरवून शिक्षा एकापाठोपाठ भोगायला लावल्या, तर त्यांची बेरीज त्या कोर्टाच्या एका गुन्ह्यासाठीच्या अधिकाराच्या दुपटीपेक्षा जास्त होता कामा नये. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने तीन कलमांखाली प्रत्येकी तीन वर्षं, एकापाठोपाठ, अशी शिक्षा दिली तर बेरीज नऊ होते आणि मर्यादा सहा आहे. वरची तीन वर्षं बेकायदा.

निकालपत्राच्या शेवटच्या पानावर ‘सर्व शिक्षा एकत्रित भोगाव्यात’ ही ओळ आहे का, ते सगळ्यात आधी बघा. जुन्या कलम ३१ प्रमाणे कोर्टाने तसं म्हटलं नाही तर शिक्षा एकापाठोपाठ धरल्या जातात. नव्या कलम २५ मध्ये गुन्ह्याचं गांभीर्य बघून एकत्रित की एकापाठोपाठ हे कोर्टाने ठरवायचं आहे. एकाच घटनेतून, एकाच व्यवहारातून निघालेल्या गुन्ह्यांच्या शिक्षा एकत्रित कराव्यात, ही मागणी अपिलात सहसा ऐकली जाते. वेगवेगळ्या खटल्यांतल्या शिक्षांनाही, उदाहरणार्थ एकाच कर्जव्यवहारातल्या चेक बाउन्सच्या अनेक केसेस, हा न्याय लागू शकतो. व्ही. के. बन्सल (२०१३) निकालात तो लावला गेला. जन्मठेपा कितीही असल्या तरी त्या एकापाठोपाठ ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१६ मध्ये मुथुरामलिंगम प्रकरणात सांगितलं आहे.

दंड आणि तो न भरल्यास भोगायची कैद हा भाग सगळ्यात दुर्लक्षित, आणि गरीब आरोपीच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारा. गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही असतील तर दंड न भरल्याची कैद त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त देता येत नाही. मॅजिस्ट्रेटसाठी बंधन अजून घट्ट आहे: तो जेवढी कैद देऊ शकतो, तिच्या एक चतुर्थांश. जुन्या दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम ४२० घ्या. कमाल कैद सात वर्षं, म्हणजे चौथा हिस्सा एक वर्ष नऊ महिने. पण शिक्षा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने दिली असेल तर त्याचा अधिकार तीन वर्षांचा, म्हणून मर्यादा फक्त नऊ महिने. ‘दंड न भरल्यास एक वर्ष’ असं निकालात दिसलं तर ते तिथेच खोडण्यासारखं आहे.

ही दंडाची कैद मूळ शिक्षेबरोबर एकत्रित करता येत नाही. ती वेगळीच, मूळ शिक्षा संपल्यावर भोगायची. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालच्या शरद हिरू कोळंबे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०१८) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मागणी नाकारली, पण त्या कैदेची मुदत मात्र कमी करून दिली. म्हणजे अर्जात ‘एकत्रित करा’ असं मागण्याऐवजी ‘कमी करा’ असं मागायचं. अमली पदार्थांच्या खटल्यांत हा मुद्दा वरचेवर येतो, कारण व्यापारी प्रमाणासाठी किमान दंडच एक लाख रुपये आहे. शांतिलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२००७) मध्ये दहा वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख दंड कायम राहिला, पण दंड न भरल्याची तीन वर्षांची कैद सहा महिन्यांवर आली. अडीच वर्षं वाचली ती केवळ शेवटच्या ओळीकडे कोणीतरी लक्ष दिलं म्हणून. दंडाचा काही भाग भरला तर कैदही त्या प्रमाणात कमी होते, हेही घरच्यांना सांगा. पूर्ण रक्कम जमत नाही म्हणून काहीच न भरण्याची गरज नाही.

दंडाचा आकडा ठरवताना आरोपीची ऐपत बघितली पाहिजे, हे जुनं तत्त्व आहे. काळ्या बाजाराच्या खटल्यातून आलेल्या अदमजी उमर दलाल विरुद्ध मुंबई राज्य या प्रजासत्ताकाच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मांडलं. गुन्ह्याचा कितीही राग असला तरी न भरता येण्याजोगा दंड लावणं म्हणजे मागच्या दाराने कैद वाढवणंच.

पुढचा प्रश्न: गुन्हा घडला त्या दिवशी कायदा काय होता? राज्यघटनेच्या कलम २०(१) नुसार त्या दिवशीच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या पोक्सो कायद्यातल्या शिक्षा १६ ऑगस्ट २०१९ पासून वाढल्या. मे २०१९ मधल्या छत्तीसगडच्या एका गुन्ह्यात खालच्या कोर्टांनी सुधारित कायदा लावून ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर’ अशी जन्मठेप दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये याच कारणाने बदलली. जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आल्यापासून ही तपासणी प्रत्येक केसमध्ये करायला हवी. सदोष मनुष्यवधाच्या (मृत्यू घडवला, पण तो खून ठरत नाही) पहिल्या भागाला, म्हणजे हेतू असलेल्या प्रकाराला, जुन्या कायद्यात किमान शिक्षा नव्हती, नव्यात ती पाच वर्षं आहे. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर हे किमान लागू होत नाही.

किमान शिक्षेपुढे मात्र अपिलातलं कोर्टही थांबतं. कायद्याने किमान सांगितलं असेल आणि ‘विशेष कारणं देऊन कमी’ अशी सूट ठेवली नसेल, तर त्याखाली जाता येत नाही. पोक्सो, अमली पदार्थांचं व्यापारी प्रमाण, हुंडाबळी, इथे ‘वय लहान आहे, पहिलाच गुन्हा आहे’ हे किमानाच्या वर दिलेल्या वर्षांपुरतंच उपयोगी. विशेष न्यायालयाने दहाच्या किमानावर पंधरा दिली असतील तर वरची पाच का, याची कारणं निकालात असली पाहिजेत. अमली पदार्थ कायद्याचं कलम ३२ब त्यासाठी विचारात घ्यायच्या बाबी सांगतं, आणि पकडलेल्या मालाचं प्रमाणही बघता येतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे. कारणं नसतील तर किमानावर आणण्याची मागणी भक्कम असते.

खुनाच्या कलमात हा सगळा विचार बाजूला पडतो. शिक्षा जन्मठेप किंवा फाशी, तिसरा पर्याय नाही. जन्मठेप झालेल्याने ‘शिक्षा जास्त आहे’ म्हणण्याला अर्थ नाही. त्याची वाट दोषसिद्धीतूनच जाते: हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध आहे. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०१३) हा निकाल यासाठी वाचण्यासारखा आहे. शेताजवळून जाताना कुत्रा अंगावर भुंकला, आरोपीने त्याला लोखंडी पाइप मारला, शेतवाल्याने हरकत घेतली, बाचाबाची झाली आणि त्याच पाइपचा एक घाव डोक्यात बसला. जखमी माणूस दोन दिवसांनी वारला. आधीचं वैर नाही, कट नाही, अचानक भांडण, एकच घाव आणि पडल्यावर पुन्हा मारलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने खुनाची दोषसिद्धी बदलून सदोष मनुष्यवधाचा दुसरा भाग (हेतू नाही, पण जीव जाऊ शकतो याची जाणीव) लावला आणि शिक्षा पाच वर्षं सक्तमजुरी केली. मृताच्या कुटुंबाला भरपाई देण्याचा विचार प्रत्येक फौजदारी कोर्टाने केलाच पाहिजे, असंही त्याच निकालात सांगितलं. पण ‘एकच घाव’ हा काही मंत्र नाही. हत्यार सोबत आणलं होतं की हाताला लागलं ते उचललं, घाव शरीराच्या कोणत्या भागावर, किती जोराने, आधीचा राग होता का, समोरच्याने चिथावलं का, हे सगळं शवविच्छेदन अहवाल आणि साक्षींमधून दाखवावं लागतं. एकाच घावावर खून कायम राहिलेले निकालही भरपूर आहेत.

फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, मग आरोपीने अपील केलेलं असो वा नसो. तिथली छाननी वेगळ्याच खोलीची असते. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालानंतर आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि कारागृहातली वर्तणूक यांचे अहवाल मागवणं अपेक्षित आहे. तो विषय इथे दोन परिच्छेदांत उरकण्याजोगा नाही.

दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवर वेगळं ऐकणं कायद्याने बंधनकारक आहे (सत्र खटल्यात जुनं कलम २३५(२), नवं २५८(२)). प्रत्यक्षात काय होतं? दुपारी दोषी ठरवलं, ‘काय म्हणायचंय?’ विचारलं, आरोपी हात जोडून ‘दया करा’ म्हणाला, आणि चहाच्या वेळेपर्यंत शिक्षा. १९७६ मध्ये संता सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सुनावणी झाली नाही म्हणून प्रकरण परत पाठवलं होतं. पुढच्याच वर्षी दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या मानवत हत्याकांडाच्या प्रकरणात, न्यायालयाने स्पष्ट केलं की दर वेळी परत पाठवण्याची गरज नाही. वरचं कोर्ट स्वतःच शिक्षेवरची सामग्री घेऊन ऐकू शकतं. १९८९ च्या अल्लाउद्दीन मियाँ निकालाने त्यापुढे जाऊन सांगितलं की दोषी ठरवल्यावर शिक्षेसाठी पुढची तारीख द्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंना कागद आणता येतील.

अपील जिंकण्याची किंवा हरण्याची खरी तारीख हीच. शिक्षेच्या सुनावणीसाठी वेळ मागा आणि मागितल्याचं रोजनाम्यात येऊ द्या. वयाचा दाखला, शिक्षणाचे कागद, नोकरीचं पत्र, आजारपणाचे रिपोर्ट, अवलंबून असलेल्यांची कागदपत्रं, आधी गुन्हा नसल्याचं लेखी म्हणणं, जखमीला उपचाराचा खर्च दिला असेल तर त्याच्या पावत्या, हे सगळं यादीसह दाखल करा. ‘घरातला एकटा कमावता’ हे वाक्य कोर्टाने हजारदा ऐकलेलं असतं. रेशन कार्ड, मुलांची शाळेची फी, आईच्या डायलिसिसचे कागद सोबत असले की ते वाक्य पुरावा होतं. हे खाली दाखल झालेलं असेल आणि निकालात त्याचा उल्लेखही नसेल तर ‘विचार केला नाही’ हे ग्राउंड तयार मिळतं. खाली राहून गेलं असेल तर वरच्या कोर्टात प्रतिज्ञापत्राने द्या, आणि त्या वेळी का दिलं नाही तेही लिहा.

प्रोबेशनबद्दल असंच. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा अधिकार अपिलातल्या कोर्टालाही आहे, तसं त्या कायद्याचं कलम ११ सांगतं. आरोपी २१ वर्षांखालचा असेल आणि गुन्ह्याला जन्मठेप नसेल तर कैद देण्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल बघणं आणि कैदच का, याची कारणं नोंदवणं आवश्यक आहे. वय मोजायचं ते खटल्याचं कोर्ट शिक्षा देतं त्या दिवशीचं, गुन्ह्याच्या दिवसाचं नव्हे. कोर्टाने प्रोबेशनचा विचारच केला नसेल तर ही चूक ठळक मांडा. मारामारी, किरकोळ चोरी, शेताच्या बांधावरची भांडणं यांत या कायद्याचा वापर व्हायला हवा तितका होत नाही.

मध्ये गेलेला काळ हा शिक्षा कमी होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. घटना पंधरा वर्षांपूर्वीची, आरोपी जामिनावर असताना एकही गुन्हा नाही, फिर्यादी आणि आरोपी आता एकाच गावात नीट राहतात, अशा वेळी ‘भोगलेली शिक्षा पुरेशी’ असा आदेश होतो. तडजोड न होण्याजोग्या गुन्ह्यातही पक्षकारांमधला समेट शिक्षेपुरता विचारात घेता येतो. समेटाचं प्रतिज्ञापत्र जखमी व्यक्तीचं हवं, तिच्या नातेवाइकाचं नव्हे. आणि भोगलेले दिवस किती, हे कारागृहाच्या दाखल्याने दाखवा. हा आकडा न बघता शिक्षा भोगलेल्या काळापर्यंत खाली आणणाऱ्या उच्च न्यायालयाला सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये देव नारायण मंडल प्रकरणात दोष दिला होता.

कमी करण्यालाही मर्यादा आहे. सौरभ बक्षी प्रकरणात (२०१५) निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यूला कारणीभूत ठरलेल्याची एक वर्षाची शिक्षा उच्च न्यायालयाने भोगलेल्या २४ दिवसांवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिने केली. जीव गेलेल्या घरच्यांच्या बाजूने बघितलं तर ते योग्यच होतं. म्हणून शिक्षा कमी करून मिळाली की कारणं नीट लिहिलेली आहेत ना, याकडे आपलंही लक्ष हवं. बिनकारणांचा सवलतीचा आदेश पुढे टिकत नाही.

‘अपील केलं तर शिक्षा वाढेल’ ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यापायी लोक मुदत घालवतात. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात कोर्ट शिक्षेचा प्रकार बदलू शकतं, ती कमी करू शकतं, वाढवू शकत नाही. हे कलमातच लिहिलेलं आहे (जुनं ३८६, नवं ४२७). वाढ हवी असेल तर राज्याला वेगळं अपील करावं लागतं, आणि त्यात आरोपीला नोटीस देऊन ऐकावं लागतं. तशा अपिलात आरोपी उलट निर्दोष सुटकाही मागू शकतो. पीडिताला सुटकेविरुद्ध, कमी गंभीर कलम लावल्याविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील आहे, कमी शिक्षेविरुद्ध नाही. उच्च न्यायालयाला पुनरीक्षणाचा, म्हणजे खालच्या कोर्टाचा आदेश स्वतःहून तपासण्याचा, स्वतंत्र अधिकार आहे, पण आरोपीच्या अपिलातच तो वापरून शिक्षा वाढवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये नागराजन विरुद्ध तामिळनाडू राज्य या निकालात म्हटलं. राज्य खरोखर अपिलात गेलं तर मात्र गंभीरपणे घ्या. मुंबईत कार्टर रोडवर २००६ मध्ये सात जणांचा जीव घेणाऱ्या अपघाताच्या प्रकरणात खालच्या कोर्टाची सहा महिन्यांची शिक्षा उच्च न्यायालयाने कलम बदलून तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पण वाढवायलाही कारणं लागतात. बेद राज (१९५५) प्रकरणात उच्च न्यायालयाने तीनाची दहा केलेली शिक्षा तेवढ्यासाठीच पुन्हा तीन झाली.

अपील चालेपर्यंत बाहेर राहता आलं नाही तर छोट्या शिक्षेत जिंकूनही उपयोग नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल आणि आरोपी जामिनावर असेल तर शिक्षा देणारं कोर्टच अपील दाखल करण्यापुरता जामीन देऊ शकतं. त्याच दिवशी अर्ज आणि जामीनदार तयार ठेवा. पुढे अपिलासोबत शिक्षेला स्थगितीचा अर्ज. ठरावीक मुदतीची शिक्षा असेल आणि अपील लवकर चालण्याची शक्यता नसेल तर स्थगितीकडे उदारपणे बघावं, असं भगवान रामा शिंदे गोसाई (१९९९) निकालात आहे. या अर्जात उरलेली शिक्षा आणि तारीख येण्याची शक्यता यांचा हिशेब लिहा. पाच वर्षांच्या शिक्षेतली दोन भोगून झाली असतील तर तो आकडा पहिल्याच परिच्छेदात हवा.

निकाल लागल्यावर काम संपत नाही. कमी झालेल्या शिक्षेचा आदेश खालच्या कोर्टाकडे आणि तिथून सुधारित वॉरंट कारागृहात पोचलं का, ते स्वतः पाठपुरावा करून बघा. खटल्यादरम्यानच्या कोठडीचे दिवस वजा धरलेत का (जुनं कलम ४२८, नवं ४६८), ते तारखांसह ताडून घ्या. हे दिवस पोलीस कोठडीपासून मोजलेले असावेत, न्यायालयीन कोठडीपासून नव्हे. आणि सुटकेच्या दिवसाआधी दंडाची पावती कारागृहात जमा झालेली असू द्या, नाहीतर मूळ शिक्षा संपूनही माणूस आतच राहतो.